गेवांडहाउसच्या भिंती

लोटार मेर्टिगचं दार माझ्या दारासमोर होतं. लाइपझिगमधल्या आमच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, एक त्यांचं आणि एक माझं. मी एकटी होते, शहराच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचे. ते तिघं होते. लोटार, त्याची बायको राइनहिल्ड आणि मुलगी आल्मुट. माझं जेवणखाण त्यांच्याकडेच जास्त व्हायचं. राइनहिल्ड म्हणायची, "हेड्डा, तुझ्या घराचं भाडं तू उगाच भरतेस बाई."

लोटार पेशानं वास्तुकार. रशियनांच्या कैदेतून तो परत आला तेव्हा आल्मुट तीन वर्षांची झाली होती आणि त्याला बघून पलंगाखाली लपली होती. शहरात तेव्हा धड अशी इमारत शोधावी लागे. नगररचनेच्या कचेरीनं त्याला कामावर घेतलं आणि कुणालाच नको असलेलं एक काम त्याच्या गळ्यात घातलं. गेवांडहाउसचे अवशेष सांभाळायचे आणि ते पुन्हा उभं करायचे नकाशे काढायचे.

गेवांडहाउस म्हणजे कापडवाल्यांचं घर. ऑर्केस्ट्राचं पहिलं सभागृह खरोखरच कापडाच्या व्यापाऱ्यांच्या माळ्यावर होतं. तिथे म्हणे श्रोते ट्राममध्ये बसल्यासारखे समोरासमोर तोंडं करून बसत, आणि कुणाची बायको कुणाकडे बघतेय हे सगळ्या गावाला कळे. शंभरेक वर्षांनी ती जागा पुरेना, तेव्हा बर्लिनच्या दोन वास्तुकारांना बोलावून गावाच्या दक्षिण अंगाला हे नवं बांधलं. समोरून देवळासारखं, आतून लांब, उंच आणि अरुंद. थेट पेटीचा घाट. पुढे जगभर त्याचं नाव झालं. बॉस्टनच्या लोकांनी आपलं सभागृह त्याच्याच घाटावर बेतलं.

लहानपणी माझे वडील मला तिथे घेऊन गेले होते. आमची जागा पार मागे, खांबाच्या आड. दिसलं काहीच नाही. पण व्हायोलिनचा पहिला सूर निघाला तेव्हा मी वळून मागे पाहिलं, कारण कुणीतरी माझ्या मानेशी येऊन वाजवतंय असं मला वाटलं. मी वाद्य हातात घेतलं ते त्या दिवसामुळे.

समोरच्या चौकात संगीतकार मेंडेल्सोनचा पुतळा होता, एके काळी तोच आमच्या ऑर्केस्ट्राचा संचालक. हिटलरच्या राज्यात तो ज्यू ठरला, आणि एके सकाळी बघतो तर चौथरा रिकामा. मग युद्धात, एका डिसेंबरात, बॉम्ब पडले आणि छप्पर गेलं. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा पडले आणि आतलं सगळं लाकूड जळालं. भिंती तेवढ्या राहिल्या. त्या भिंतींवर युद्धानंतर कुणीतरी शहाणपणानं तात्पुरतं छप्पर घातलं होतं. लोटारच्या वाट्याला आलं ते एवढंच.

दर वसंतात तो शिडी लावून भिंतींवर चढायचा. लहानशी हातोडी घेऊन ठोकत ठोकत जायचा आणि कान लावून ऐकायचा. घट्ट दगड खणखणतो, पोकळ दगड बद्द बोलतो. संध्याकाळी घरी आला की केसांत चुन्याची भुकटी आणि तोंडावर लग्नघरातल्यासारखा आनंद.

"कशी आहे माझी सवत?" राइनहिल्ड विचारायची.

"ठणठणीत."

"असणारच. दगडाची आहे ना. म्हातारपण आम्हालाच." असं म्हणत ती त्याच्यापुढे बटाट्याचं सूप आदळायची, आणि त्यात सॉसेजचा मोठा तुकडा त्यालाच घालायची.

आल्मुट थोडी मोठी झाल्यावर त्याच्याबरोबर जायला लागली. एकदा मीही गेले होते. आत कबुतरं, गवत, आणि उंच खिडक्यांच्या भगदाडांतून आलेलं ऊन. लोटारनं पोरीला बरोबर मधोमध उभं केलं.

"टाळी वाजव."

तिनं वाजवली. कबुतरं उडाली. बाकी काही नाही.

"काहीच होत नाही पापा."

"होणारच नाही. ऐकू येतं ते लाकडामुळे, आणि लाकूड जळून गेलंय. पण आकार शिल्लक आहे ना? आकार असला की लाकूड पुन्हा बसवता येतं."

"कधी बसवणार?"

"पुढच्या पंचवार्षिक योजनेत."

ही पुढची योजना काही येईना. आधी लोकांना घरं हवीत, ते बरोबरच होतं. मग जत्रेच्या इमारती आल्या, कारण आमच्या शहराची व्यापारी जत्रा जगभरचे लोक बघायला यायचे. मग ऑपेराचं नवं घर झालं. लोटार दर वेळी नकाशे दुरुस्त करून वर पाठवायचा आणि दर वेळी उत्तर यायचं की काम स्तुत्य आहे, पण सध्या नाही.

आम्ही तोवर प्राणिसंग्रहालयाच्या कडेच्या सभागृहात वाजवत होतो. अगदी हळुवार जागा आली की पलीकडून सिंह डरकाळी फोडायचा. पाहुणे संचालक दचकायचे. आमचा बासूनवाला त्यांना सांगायचा, "काळजी नको साहेब, तो कायमचा नोकर आहे. फक्त तालमीला येत नाही."

आम्ही हसायचो. लोटार कधी हसला नाही. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणायचा, "तुम्हा लोकांचा अर्धा आवाज इथल्या भिंती खातात. तिकडे गेलात की कळेल तुम्ही काय वाजवताय ते."

सदुसष्टच्या उन्हाळ्यात आल्मुट सुटीला म्हणून हंगेरीला गेली. बावीस वर्षांची होती, संगीतशिक्षिका व्हायला शिकत होती. तिच्याबरोबर वर्गातला एक मुलगा होता. ऑस्ट्रियाच्या सीमेवर मक्याच्या शेतातून दोघं पश्चिमेकडे पळाली. तो निसटला, ही सापडली. तिला परत आमच्या पूर्व जर्मनीत आणलं, खटला चालवला आणि तीन वर्षांची शिक्षा दिली.

आईबापांना तिनं अवाक्षर सांगितलं नव्हतं. लोटार कितीतरी दिवस तेच बोलत राहिला. "निघताना मला म्हणाली, पापा, पुढच्या वसंतात उत्तरेकडची भिंत माझ्याशिवाय तपासू नका. असं म्हणून कुणी पळून जातं का गं?"

"तुला कळू नये म्हणूनच म्हणाली," मी म्हटलं.

राइनहिल्ड रडली नाही. ती तुरुंगात भेटीला जायची, परत येऊन कोट न काढताच खुर्चीवर बसून राहायची. एकदा एवढंच म्हणाली, "हात बघवत नाहीत तिचे. दिवसभर चादरी शिवायला लावतात."

त्याच हिवाळ्यात कळलं की गेवांडहाउस पाडायचं ठरतंय. शहराचा तो सगळा भाग नव्यानं आखायचा होता. पण गावात कुजबुज सुरू झाली. आमच्या गावच्या माणसांनी चर्चवरून, सरकारवरून गप्प बसायला शिकून घेतलं होतं, पण संगीताच्या बाबतीत ती जरा हट्टी आहेत. म्हातारी माणसं तिथे येऊन उभी राहायची. कुणी दगडावर फुलं ठेवून जायचं.

फेब्रुवारीच्या शेवटाला प्रागर नावाचा एक माणूस मेर्टिगांकडे आला. कुठल्या कचेरीचा ते त्यानं सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. तसल्या माणसांना विचारत नसत. बोलायला गोड. त्यानं राइनहिल्डच्या केकची तारीफ केली, दुसरा तुकडा मागून घेतला, आणि मग विषय काढला. लवकरच नागरिकांची एक सभा होणार आहे. लोक मेर्टिगसाहेबांना मानतात. त्यांनी उभं राहून एवढंच सांगायचं की भिंती आता धोकादायक झाल्या आहेत. लोकांचं समाधान होईल.

"पण त्या धोकादायक नाहीत," लोटार म्हणाला.

"तुमची मुलगी तिकडे खोकते म्हणे फार," प्रागर म्हणाला. "शिक्षा बरीच बाकी आहे. मनावर घेतलं तर कमी होऊ शकते. आणि हो, हे आपल्या चौघांतच. म्हणजे आपण तिघं आणि चौथी ती कॉफीची किटली." स्वतःच्याच विनोदावर हसून तो गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. स्वतःच्या घरात बोलायची त्यांना भीती वाटत होती. मी नळ सोडून ठेवला, पाण्याच्या आवाजात बोलणं बुडावं म्हणून.

लोटार म्हणाला, "मी तिथे उभा राहून असं म्हणालो की संपलं. सभेत कुणी आडवं आलं तर कदाचित त्यांना पुन्हा विचार करावा लागेल. माझ्याशिवाय आडवं येणारं कुणी नाही."

"आणि आल्मुट?" राइनहिल्डनं विचारलं.

"तिला विचारलं तर ती काय म्हणेल माहितीये तुला."

"माहितीये. म्हणूनच तिला विचारायचं नाही." राइनहिल्ड उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "लोटार, इतकी वर्षं मी एक शब्द बोलले नाही. आज बोलते. भिंती पडल्या तर त्यांना दुखणार नाही. माझी पोर तिथे रक्त थुंकायला लागली तर तू कोणती हातोडी घेऊन ठोकून बघणार आहेस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काय बोलणार? मला तर मूलही नव्हतं. "पोरीला आण घरी," मी म्हटलं. आजही तेच म्हणेन.

सभा एका शाळेच्या जिमखान्यात होती. जागा मिळत नव्हती इतकी गर्दी. व्यासपीठावरच्यांनी नव्या चौकाचं चित्र दाखवलं, बरंच बोलले. लोक ढिम्म. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी काठीवर भार देऊन उठली. तिचा नवरा एके काळी आमच्या ऑर्केस्ट्रात होता.

"तुमचं राहू द्या," ती व्यासपीठाकडे न बघताच म्हणाली. "मेर्टिग कुठे आहेत? मेर्टिगसाहेब, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते आम्ही ऐकू."

लोटार उठला. त्यानं चांगला कोट घातला होता, राइनहिल्डनं इस्त्री केलेला. त्यानं कोटाचं बटण लावलं, सोडलं, पुन्हा लावलं. लोकांना वाटलं, आता हा काहीतरी जोरदार बोलणार. काही जण तर हसून एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले.

"भिंती गेल्या आहेत," तो म्हणाला. "काही करण्यासारखं उरलेलं नाही."

आणि खाली बसला.

कुणी आरडाओरडा केला नाही. म्हातारी अजून उभीच होती, ती "बरं," एवढंच म्हणाली. ती बसेपर्यंत निम्मे लोक उठून कोट घालायलाही लागले होते.

मार्च संपता संपता सुरुंग लावले. मी लोटारला म्हटलं, जाऊ नकोस. तो गेलाच. म्हणून मीही गेले. दोरीच्या अलीकडे माणसं गप्प उभी होती. पहिला धमाका झाला, धूळ उठली, आणि धूळ खाली बसली तेव्हा उत्तरेची भिंत जशीच्या तशी उभी. पुन्हा तयारी, पुन्हा धमाका. एक कोपरा ढासळला, पण भिंत हटेना. तोवर लोक हसायला लागले होते. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

आमच्या मागून कुणीतरी म्हणालं, "गेलेल्या भिंती आहेत म्हणे!"

दुसरा म्हणाला, "गेलेल्या नाहीत, विकलेल्या."

लोटारच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. पण तो मागे वळला नाही. शेवटी भिंत पडली तेव्हा त्यानं हॅट काढली. तेवढ्यात एक बाई पुढे येऊन त्याच्या पायांशी थुंकली आणि निघून गेली. तो हॅट हातात धरून तसाच उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून घरी आणलं.

आता आल्मुट येईल म्हणून राइनहिल्डनं तिची खोली झाडून घेतली. गादीला ऊन दाखवलं. दही-बटाट्याच्या गोड टिक्क्या पोरीला आवडतात म्हणून दही टांगून ठेवलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. राइनहिल्ड रोज नवं दही टांगत होती. मग एक दिवस प्रागर जिन्यात भेटला आणि हॅट किंचित उचलून म्हणाला, "अभिनंदन. शब्द पाळला. तुमची मुलगी सुटली."

"कुठे आहे?" लोटारनं विचारलं.

"पलीकडे. पश्चिमेला. तिला तिकडेच जायचं होतं ना?"

तिला तुरुंगातूनच बसमध्ये घालून सीमेपलीकडे नेलं होतं. जाणाऱ्याला परत यायची वाट नव्हती. आईबापांना तिकडे जायची परवानगी म्हातारे झाल्यावरच मिळणार होती. राइनहिल्ड आत गेली, ओट्यावरचं टांगलेलं दही तिनं फडक्यासकट उचललं आणि कचऱ्यात टाकलं.

आमच्या मजल्यावर फोन एकट्या माझ्याकडे होता, ऑर्केस्ट्राच्या कृपेनं. उन्हाळ्याच्या तोंडाला आल्मुटचा फोन आला. ती कासेलला राइनहिल्डच्या बहिणीकडे राहत होती. मी धावत जाऊन दोघांना बोलावलं. लोटारनं आधी घेतला. लाइन खरखरत होती, पोरगी ओरडून बोलत होती, त्यामुळे आम्हा तिघांनाही सगळं ऐकू येत होतं.

"पापा! मी बरी आहे. मावशीकडे आहे."

"खोकला?"

"गेला. पापा, एक विचारायचंय. इथल्या वर्तमानपत्रात आलंय, गेवांडहाउस पाडलं म्हणून. त्यात तुमचं नाव आहे. तुम्हीच सांगितलंत म्हणे, भिंती गेल्यात. खोटं छापलंय ना?"

लोटारनं आमच्याकडे पाहिलं. फोनमध्ये मधूनच टक्‌ असा आवाज येत होता. तिसरं कुणी ऐकत असलं की तो येतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"पापा? ऐकू येतंय का?"

"येतंय. मी म्हणालो तसं."

"का?"

"जुन्या झाल्या होत्या गं."

"जुन्या? मी स्वतः ठोकून बघितल्यात त्या! तुम्हीच शिकवलंत मला. गेल्याच वर्षी म्हणालात, या तुझ्या नातवंडांना पुरतील." ती थांबली. "कुणी धमकी दिली का तुम्हाला?"

लोटारच्या कपाळावर घाम आला होता. राइनहिल्डनं तोंडावर हात धरला होता.

"छे," तो म्हणाला. "धमकी कोण देणार मला? ऊन पडतं का तिकडे?"

आल्मुट म्हणाली, "आईला द्या."

त्यानंतर ती फोन करायची, पण बोलायची आईशी. बापाला "कसे आहात" विचारायची. सीमेपलीकडे गेलेल्या त्या मुलानं तोवर दुसरीशी लग्न केलं होतं. हिनंही पुढे तिथल्याच एका दंतवैद्याशी केलं, मुलगा झाला. फोटो येत राहिले.

लोटारच्या नोकरीला धक्का लागला नाही. उलट त्याला एक पदक मिळालं. गेवांडहाउसच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. तो रस्ता सोडून लोटार लांबच्या रस्त्यानं कचेरीत जायचा. गावातले जुने ओळखीचे लोक त्याला बघून दुकानात शिरायचे. आमच्या कार्यक्रमांना यायचं त्यानं सोडलं.

राइनहिल्ड साठीची वाट बघत होती. साठ झाली की पोरीकडे जाता येईल, नातवाला मांडीवर घेता येईल, आणि सगळं खरं काय ते तोंडानं सांगता येईल. "लिहायची सोय नाही, बोलायची सोय नाही," ती म्हणायची. "पण एकदा तिच्या स्वयंपाकघरात पोचू दे मला." साठीला थोडी वर्षं उरली असताना तिला पोटाचा कर्करोग झाला. आल्मुटवर प्रवेशबंदी होती. आईच्या मातीला तिला येता आलं नाही.

मग लोटार एकटाच वाट बघू लागला. पुरुषांना पासष्ट लागत. ते पूर्ण झाले त्या उन्हाळ्यात त्याला परवाना मिळाला. निघायच्या आधी तो माझ्याकडे येऊन बसला. इतक्या वर्षांत त्याला एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

"पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकतो. जेवणं झाली की. जावयाला म्हणेन, आम्हाला जरा एकटं बसू द्या. कसं सुरू करू गं? प्रागरपासून करू की तुझ्या स्वयंपाकघरापासून?"

"कुठूनही कर. ती रडेल, तूही रडशील. होऊन जाईल."

"चिडेल ती."

"चिडू दे की. निदान खऱ्या गोष्टीवर चिडेल."

परवाना महिनाभराचा होता. तो आठवड्याभरातच परत आला. मी स्टेशनावर गेले होते. गाडीतून उतरला तेव्हा त्याच्या हातात नातवानं काढलेल्या चित्रांची गुंडाळी होती आणि अंगात नवा, पलीकडचा रेनकोट. आम्ही स्टेशनावरच्या उपाहारगृहात बसलो. कॉफी आली, आमच्याकडची नेहमीची, कपाच्या तळाचं फूल दिसेल इतकी पातळ.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही."

"लोटार!"

"ऐक तर. पहिल्याच संध्याकाळी तीच बोलायला लागली. तुरुंगातल्या गोष्टी. म्हणाली, पापा, तुम्हाला ठाऊक नसेल, मावशीनं इकडून एक वकील गाठला होता. दोन्ही सरकारांत बोलणी करणारा. पैसे मोजून सोडवायच्या कैद्यांच्या यादीत त्यानं माझं नाव घातलं. जानेवारीत मला कोठडीतून बोलावून सांगितलं की ठरलंय, वसंतात तुला पाठवणार. म्हणाली, आईलाही सांगायची मनाई होती. मग काय, मी खुशीत चादरी शिवत होते."

"जानेवारीत?"

"जानेवारीत. प्रागर आमच्याकडे आला फेब्रुवारी संपताना."

शेजारच्या टेबलावर दोन सैनिक बिअर पीत होते, खिदळत होते.

"म्हणजे प्रागरला माहीत होतं?"

"असेल. नसेलही. असला तर त्याला किती हसू आलं असेल." लोटारनं कप उचलला आणि न पिताच ठेवला. "केकचा दुसरा तुकडा मागून घेतला होता गं त्यानं."

"तरीही सांगायचं होतंस. तुझ्या मनात काय होतं ते तरी कळलं असतं तिला."

"काय सांगू? तू आपोआप सुटणारच होतीस आणि मी तुझ्यासाठी म्हणून त्या भिंती विकून बसलो? हे ऐकून तिनं काय करावं? जन्मभर तिच्या डोक्यावर ओझं, कशाचं, तर माझ्या मूर्खपणाचं." तो थांबला. "आणि हेड्डा, दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून माझा हात हातात घेतला. म्हणाली, पापा, त्या भिंतींचं मी केव्हाच मनातून काढून टाकलंय. त्या दिवसांत सगळेच तसं बोलायचे. तुम्ही तरी वेगळं काय करणार होतात? मी तुमच्यावर रागावले ते माझं चुकलं. भित्रं असणं हा काही गुन्हा नाही."

"मग तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, हो."

घरी जाताना ट्राममध्ये तो माझ्याशेजारी बसून बाहेर बघत होता. आमचा थांबा आला तरी उठला नाही. मी त्याला हलवलं तेव्हा म्हणाला, "राइनहिल्ड आधी गेली ते बरं झालं. तिला हे कळलं असतं तर?" आणि मग, "तुला शपथ आहे. आल्मुटला यातलं कधी काही कळता कामा नये."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर दोन वर्षांनी आमच्या ऑर्केस्ट्राला नवं घर मिळालं. दुसऱ्या चौकात, काचेचं, वरून फाकलेलं, द्राक्षाच्या मळ्यासारख्या चढत्या रांगांचं. उद्घाटनाच्या आठवड्यातलं एक तिकीट मी लोटारला दिलं. येणार नाही असं वाटलं होतं, पण आला. मी वाजवताना अधूनमधून वर बघत होते. तो मान खाली घालून, डोळे मिटून ऐकत होता. नंतर कलाकारांच्या दाराशी माझी वाट बघत थांबला.

"कसं वाटलं?" मी भीत भीत विचारलं.

"चांगलं आहे. मागच्या रांगेपर्यंत सगळं स्वच्छ येतं. ज्यानं केलंय त्यानं नीट विचार करून केलंय."

"जुन्यासारखं?"

"जुनं कसं होतं ते आता आठवतंय कुणाला? मलाच आठवत नाही. मी भिंतीच बघितल्या. वाजताना एकदाच ऐकलं होतं, शाळेत असताना."

हे त्यानं आजवर मला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. सकाळी ब्रेड आणायला बाहेर पडला आणि जिन्यातच बसला, तो उठलाच नाही. आल्मुटनं परवान्यासाठी खूप धडपड केली, पण बंदी उठली नव्हती. दफनाला आम्ही मोजकीच माणसं होतो. ऑर्केस्ट्रातल्या तिघांना मी गळ घालून आणलं होतं. त्यांतल्या एकानं आधी सरळ विचारलं, "त्या मेर्टिगसाठी?" पण माझ्याकडे बघून आला. थंडीत बोटं वळत नव्हती, कसंबसं वाजवलं. कचेरीकडून एक मोठा हार आला होता, शहराच्या कृतज्ञतेची फीत लावलेला.

आल्मुटनं पाठवलेलं फुलांचं चक्र सीमेवर अडकलं. ते आलं तेव्हा सगळं आटोपून गेलं होतं. खोक्यातून काढलं तर फुलं गारठून काळी पडली होती. मी ते तसंच घेऊन गेले आणि थडग्यावर ठेवलं. बर्फ पडायला लागला होता, म्हणून फार वेळ थांबले नाही.